बुचावरची मिशी

दाजींना दाजी हे नाव त्यांच्या मेव्हण्यामुळे पडलं. नात्यानं बघायला गेलं तर ते एकट्या मेव्हण्याचेच दाजी. पण त्यांनीच शब्द टाकून मेव्हण्याला खडीच्या खाणीवर पोकलेन चालवायला लावलं आणि त्यानं पहिल्याच दिवशी केबिनमधून, इंजिनाच्या वरताण आवाजात, "दाजी, तेल" अशी हाक दिली. तोवर खाणीवर सगळे त्यांना स्टोअरवाले साहेब म्हणत. निदान दाजींचं तरी तसं म्हणणं होतं. त्या हाकेनंतर साहेब जे गेले ते गेलेच. डंपरवाले दाजी म्हणू लागले, मिस्त्री म्हणू लागला, आणि शेवटी खाणीचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, तेही एकदा फोनवर कुणाला तरी "आमच्या दाजींना विचारून सांगतो" म्हणाले. लग्न एका घरात केलं आणि सासुरवाडी सबंध खाणीची झाली, असं दाजी कुरकुरत. पण कुरकुरताना मिशीवरून हात फिरवत, त्यावरून ते फारसे दुःखी नसावेत.

ती मिशी म्हणजे खाणीतली सगळ्यात नीट राखलेली वस्तू. खाणीत यंत्रं कितीतरी होती, पण इतकी नियमित देखभाल एकाही यंत्राच्या नशिबी नव्हती. सकाळी दाजी तिला छोट्या कंगव्यानं विंचरत, दोन्ही टोकं चिमटीत धरून वर वळवत, आणि मगच स्टोअरचं कुलूप काढत. खाणीवरची धूळ कुणाला सोडत नाही. चहाच्या कपात, कानात, भाकरीच्या डब्यात, सगळीकडे ती घरच्यासारखी वावरते. दाजींच्या मिशीवर मात्र ती बसायला बिचकायची.

मिशीच्या खालोखाल दाजींचा जीव होता तेलाच्या ड्रमांवर. पोकलेनचा हात हलतो तो तेलाच्या जोरावर. पंप तेलाला रेटतो, तेल हाताला रेटतं आणि हात डोंगराला रेटतो. त्या तेलात धुळीचा कण गेला तर पंपाला ओरखडे पडतात, आणि पाणी गेलं तर पंप आतून गंजत, कण्हत, शेवटी मरतो. आणि पंप मेला की अख्खी खाण हातावर हात ठेवून बसते. म्हणून दाजींच्या ड्रमाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. बूच उघडणार दाजी, हातपंपाची नळी ड्रमाच्या तळापर्यंत सोडणार दाजी, तेल काढून देणार दाजी. इतरांनी लांबून बघायचं, आणि तेही आदरानं.

पूर्वी हे ड्रम पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी घोडीवर आडवे निजलेले असत. मग शेठनी नवा जनरेटर आणला आणि ती शेड त्याला दिली. दाजींनी ड्रम स्टोअरमागच्या फरशीवर उघड्यावर आणले, आणि आणले ते एका ओळीत उभे केले. आडवे ड्रम त्यांना तसेही आळशी वाटत. उभे ड्रम कसे, कवायतीला उभं राहिल्यासारखे.

उघड्यावर आल्यावर धुळीचा प्रश्न आला. त्यावर दाजींनी एक तोड काढली. ती त्यांची स्वतःची होती, कुणाकडून शिकलेली नव्हती, आणि याचा त्यांना फार अभिमान होता. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, खडी फोडायचं यंत्र थांबलं, की दाजी पाण्याचा पाईप घेऊन येत आणि सगळ्या ड्रमांना अंघोळ घालत. अंगं फडक्यानं पुसत. पण ड्रमाच्या वरच्या झाकणावर, जिथे चहूबाजूंनी कड असते, तिथे बोटभर पाणी मुद्दाम राहू देत. दुपारनंतर उडालेली धूळ त्या पाण्यात बुडून बसेल, बुचाच्या फटीपर्यंत पोचणारच नाही, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाणी टिपून, बूच कोरडं खडखडीत करून मगच उघडायचं. एकदा शेठनी कौतुकानं विचारलं, तर दाजी म्हणाले, डोकं लागतं.

मेव्हणा पोकलेनला सासूबाई म्हणायचा. त्याचं लग्न अजून व्हायचं होतं. पण खायला भरपूर लागतं, सकाळी तापायला वेळ लागतो, एकदा तापल्यावर कुणाचं ऐकत नाही आणि आपल्याशिवाय घरातलं पान हलत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणजे सासूच, असं तो सांगायचा. बायको नंतर बघू, आधी सासू सांभाळता येते का ते तपासतोय, असंही.

ड्रम उघड्यावर आल्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई कण्हायला लागल्या. बकेट भरून हात उचलायला गेलं की हात थरथरायचा, पंपातून रडका आवाज यायचा. मिस्त्रीनं टाकीच्या खालचा नळ सोडून बाटलीत तेल घेतलं आणि उन्हात धरलं. मधासारखं दिसायला हवं होतं, ते दिसलं दूध घातलेल्या चहासारखं. तेलात पाणी. मिस्त्रीनं सगळं तेल सोडून दिलं, गाळण्या बदलल्या, टाकी धुतली, नवं तेल भरलं. सासूबाई हसल्या. पण मग रोजचं थोडं थोडं तेल वर घालता घालता पुन्हा कण्हायला लागल्या, आणि बाटलीत पुन्हा चहा.

मिस्त्रीनं सगळी यंत्रं आणि सगळे पाईप तपासले. कुठूनच पाणी शिरायला वाट नव्हती. मग त्यानं घसा खाकरून, दाजींकडे न बघता, ड्रम तपासायला मागितले. दाजींनी मिशी आवळली आणि तपासायला दिले. दोन उघडलेल्या ड्रमांच्या तळाशी पाणी निघालं.

"पाणी मुरतंय कुठेतरी," शेठ म्हणाले. शेठना इतकं खरं पूर्वी कधी बोलता आलं नव्हतं आणि नंतरही आलं नाही. पण त्या क्षणी त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच घेतला. कुणीतरी मुद्दाम ड्रमात पाणी ओततंय.

चहाच्या वेळी शेठनी सगळ्यांना जमवलं, आणि दाजी बोलायला उभे राहिले. आपल्या ड्रमांची कुणी विटंबना करावी, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. ते बरंच बोलले. त्यातलं लोकांच्या लक्षात राहिलं ते शेवटचं. ज्यानं कुणी हे केलं असेल त्याला मी पकडणार, आणि पकडला की त्यानं सासूबाईंची टाकी उघडायची, कमरेपर्यंत आत वाकायचं आणि आपल्या हातानं पुसून कोरडी करायची. आणि आपण सगळे समोर खुर्च्या टाकून चहा पीत बघायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून एका डंपरवाल्यानं विचारलं, पकडला नाही तर मिशी उतरवणार का? दाजी थंडपणे म्हणाले, या भानगडीत मिशीला ओढायचं कारण नाही.

त्या दिवशी घरी येऊन दाजींनी बायकोच्या आरशामागची नेलपॉलिशची बाटली खिशात टाकली. तिनं ती कुणाच्या तरी लग्नासाठी घेतली होती. रंग असा, की जांभळा म्हणावा तर तो रागवायचा आणि तपकिरी म्हणावा तर रडायचा. लग्नानंतर ती बाटली तशीच पडून होती. दुसऱ्या दिवशी दाजींनी प्रत्येक ड्रमाच्या बुचावर त्या रंगाची एक रेघ ओढली, अर्धी बुचावर आणि अर्धी झाकणावर. बूच केसभर जरी फिरलं तरी रेघ तुटणार. चोर येणार, बूच फिरवणार, रेघ मोडणार. हे कुणालाही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि बाटली गुपचूप आरशामागे नेऊन ठेवली.

आता खाणीवर काम करणाऱ्या माणसाला ड्रमाच्या करड्या झाकणावर नेलपॉलिशची रेघ दिसणार नाही, असं समजणं म्हणजे मांजरानं डोळे मिटून दूध पिण्यासारखं होतं. आणि मेव्हण्याला तर रंगही ओळखीचा होता. ताईच्या नखांचा रंग ड्रमाला कसा? त्याला पहिल्यांदा वाटलं, दाजी ड्रमांना नटवायला लागले. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि प्रकाशापाठोपाठ दुष्टपणा आला. रविवारी तो बहिणीकडे जेवायला गेला, आरशात भांग पाडायच्या निमित्तानं बाटली ढापली, आणि सोमवारी, दाजी अंघोळीचा पाईप जोडायला गेले असताना, अजून कोरड्या असलेल्या पहिल्या ड्रमापाशी गेला. रेघ होती तशीच राहू दिली. फक्त तिच्या दोन्ही टोकांना एकेक झोकदार वळण दिलं, आणि संध्याकाळी बाटली गुपचूप आरशामागे परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी झाकणावरचं पाणी टिपायला वाकले आणि बुचावरून त्यांचीच मिशी त्यांच्याकडे बघत होती.

अशा वेळी हसणारी माणसं असतात. दाजी त्यांतले नव्हते. त्यांनी मिशीचा रंग पाहिला, घरी जाऊन बाटली पाहिली, बाटलीचं झाकण सैल दिसलं, रविवारी घरी कोण येऊन गेलं ते आठवलं, आणि त्यांचा तपास पूर्ण झाला. चोर सापडला होता. चोर घरातलाच होता, ही गोष्ट त्यांना आणखीच टोचली. मीच आणला, मीच चिकटवला, आणि माझ्याच मिशीला हात!

ते तडक शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठनी मेव्हण्याला बोलावलं. मेव्हण्यानं मिशी काढल्याचं लगेच कबूल केलं, थोडं हसतसुद्धा कबूल केलं, पण समोर हसणारं कुणी नाही हे बघून त्याचा चेहरा उतरला.

"बूच मी उघडलं नाही, शेठ. उघडलं असतं तर रेघ मोडली असती. दाजींनाच विचारा, मिशी अखंड आहे का नाही."

शेठनी दाजींकडे पाहिलं. इथे दाजींना एवढंच सांगायचं होतं, की हो, अखंड आहे. कारण ती अखंड होती. त्यांनी स्वतः वाकून पाहिली होती, तिच्यावर एक बारीक चिरसुद्धा नव्हती. पण इतका सुंदर तपास, इतका नेटका चोर, आणि त्या एका 'हो'नं सगळं ढासळणार. शिवाय ती मिशी.

"जरा मोडल्यासारखी वाटली," दाजी म्हणाले.

शेठनी हात पुढे केला. मेव्हण्यानं खिशातून सासूबाईंची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. पुढच्या सोमवारी नवा ऑपरेटर येईल, तोवर पोकलेन उभी राहू दे, असं ठरलं. टाकी पुसायची शिक्षा शेठनी माफ केली. नोकरीच जातेय, आणखी काय पुसायचं!  

घरी दाजींची बायको त्यांच्याशी बोलेनाशी झाली. तिनं स्वयंपाक केला, वाढलं, पण बोलायचं असेल तेव्हा ती भिंतीवरच्या घड्याळाशी बोलू लागली. घड्याळाला ती म्हणाली, पाणी प्यायचं असेल तर माठ भरलाय. घड्याळाला म्हणाली, इस्त्रीचे कपडे कपाटात आहेत. दाजींनी एकदा घड्याळाकडे बघूनच उत्तर द्यायचा प्रयत्न केला, तो अंगाशी आला. त्यात खाणीवरची खोलीही सुटल्यामुळे मेव्हणा आता दिवसभर त्यांच्याच घरी असायचा. करायला काही नाही म्हणून त्यानं गळका नळ दुरुस्त केला, करकरणारं दार दुरुस्त केलं, पंख्याचा खडखडाट घालवला. संध्याकाळी दाजी घरी येत तेव्हा घर इतकं शांत असायचं, की त्यांना स्वतःचं चघळणं ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी बायको घड्याळ सोडून थेट त्यांच्याशी बोलली. भाऊ बाहेर अंगणात होता.

"एकच विचारते. रेघ मोडलेली तुम्ही पाहिलीत का?"

"म्हणजे, जवळजवळ..."

"जवळजवळ मोडली? म्हणजे जवळजवळ पोटुशी असते तशी?"

दाजींनी भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. मीठ बरोबर होतं.

इकडे खाणीवर वेगळाच घोळ सुरू झाला. मेव्हणा गेल्यापासून पोकलेन उभी होती, पण लोडरला आणि डंपरांना तेल लागतच होतं. दाजी रोज बूच उघडून तेल देत, उघडलं की जुनी रेघ पुसून, आता खिशातच असलेल्या नेलपॉलिशनं नवी ओढत. गुरुवारी त्यांनी मिस्त्रीसारखं काचेच्या बाटलीत थोडं तेल काढून उन्हात धरलं. दूध घातलेला चहा. बूच उघडण्याआधी त्या ड्रमावर रेघ अखंड होती. चोर घरी बसून पंख्याला तेल घालत होता. तरीही ड्रमात पाणी.

 दाजींनी बाटली पटकन खिशात घातली आणि आजूबाजूला पाहिलं. म्हणजे चोर दुसराच आहे. म्हणजे तो रेघ न मोडता पाणी घालतो. म्हणजे भुताटकी तरी आहे किंवा कारागिरी तरी. दोन्हीपैकी काहीही असलं तरी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, असं त्यांनी ठरवलं. स्टोअरमागे एक जुना लोडर मरून पडला होता. त्याचं बकेट ड्रमांकडे तोंड करून जमिनीवर टेकलं होतं, माणूस आत मांडी घालून बसला तर बाहेरून दिसत नाही एवढं मोठं.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. दाजी दबा धरायला निघाले, आणि निघता निघता हाताला पाईप लागला. चोर पकडायचा म्हणून काय ड्रमांनी पारोसं राहायचं? त्यांनी रोजच्यासारखी अंघोळ घातली. सकाळपासून उन्हात उभे असलेले ड्रम इतके तापले होते की पाणी पडताच झाकणांवरून वाफ निघाली. झाकणांवर बोटभर पाणी राहू दिलं, अंगं पुसली आणि दाजी बकेटमध्ये जाऊन बसले.

बकेट तव्यासारखं तापलेलं होतं. दाजी एकदा या मांडीवर बसले, एकदा त्या मांडीवर. कोणी येईना. एक कावळा आला, त्यानं पहिल्या ड्रमाच्या झाकणावरचं पाणी प्यायलं, दाजींकडे पाहिलं आणि उडून गेला. दाजींनी क्षणभर कावळ्यावरही संशय घेतला. पण त्या निमित्तानं त्यांची नजर झाकणावर राहिली. झाकणावरच्या पाण्यात फडक्यातून सुटलेला एक दोरा तरंगत होता. आणि वारा अजिबात नसताना तो दोरा हलत होता. हळू, अगदी सावकाश, पाहुणा बसायला जागा शोधतो तसा तो बुचाच्या दिशेनं सरकला, बुचाला जाऊन चिकटला, आणि त्याचं टोक बुचाच्या फटीत ओढलं गेलं. मग अगदी बारीक आवाज आला. गरम चहा बशीतून ओढताना येतो तसा.

दाजी बकेटमधून रांगत बाहेर आले आणि ड्रमावर वाकले. झाकणावर बोटभर पाणी होतं ते आता जेमतेम नखभर राहिलं होतं. बुचाभोवती पाण्याला बारीकसा खळगा पडला होता. ड्रम पाणी पीत होता.

गरमागरम डब्याला झाकण लावून तो गार झाला की झाकण आत ओढलं जातं, हे दाजींना घरचं ठाऊक होतं. आतली हवा आकसते आणि बाहेरून मिळेल ते ओढून घेते. ड्रम दिवसभर तापायचा, दाजी त्याच्यावर गार पाणी सोडायचे, आतली हवा आकसायची, आणि पुन्हापुन्हा उघडून झिजलेल्या बुचाच्या फटीतून ड्रम जे बाहेर असेल ते ओढायचा. बाहेर काय असायचं? बाहेर दाजींनी स्वतः डोकं लावून, मुद्दाम राहू दिलेलं बोटभर पाणी असायचं. चोर रोज दुपारी येत होता, पाईप घेऊन येत होता, आणि जाताना मिशीवरून हात फिरवत होता.

दाजी ड्रमाला टेकून फरशीवर बसले. आणि माणसाच्या मनात येऊ नये ते त्यांच्या मनात आलंच. हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. अंघोळ बंद करायची, ड्रम आडवे करायचे, पाणी बंद होणार. लोक म्हणतील, बघा, चोर गेला आणि तेल सुधारलं. दाजींचा तपास आणखीच खरा ठरणार. मेव्हणा तरुण आहे, हातात कसब आहे, त्याला कुठेही काम मिळेल. हे सगळं त्यांना घरी पोचेपर्यंत इतकं पटलं, की दारात शिरताना ते मेव्हण्याकडे बघून जवळजवळ हसले.

मेव्हणा बॅग भरत होता. दुसऱ्या गावाजवळच्या धरणाच्या कामावर त्याला बोलावणं आलं होतं. सोमवारी निघणार होता. त्याला दाजींचा राग आलेला दिसत नव्हता, आणि हेच फार वाईट होतं. शर्टांच्या घड्या घालता घालता तो म्हणाला, "दाजी, नव्या माणसाला एक सांगाल? सासूबाईंना सकाळी एकदम कामाला लावू नको म्हणावं. आधी रिकामा हात चार वेळा हळू वरखाली करायचा, तेल जरा कोमट होऊ द्यायचं. घाई केली की कण्हते ती. वय झालंय तिचं."

दाजींनी मान हलवली आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत खाणीवर एक चमत्कार घडला. दाजी स्टोअरमधल्या सगळ्या खुर्च्या एकेक करून बाहेर आणत होते आणि सासूबाईंसमोर अर्धगोल मांडत होते. लोक जमले. शेठ केबिनबाहेर आले. नवा ऑपरेटर पिशवी घेऊन एका बाजूला उभा होता आणि आपलं स्वागत इतकं थाटात होईल असं त्याला वाटलं नव्हतं. दाजींनी बायकोला सकाळीच सांगून ठेवलं होतं, भावाला बसस्टँडवर नको, खाणीवर घेऊन ये. कशाला, ते सांगितलं नव्हतं. ती भावाला घेऊन आली, बॅगेसकट.

दाजींनी सगळ्यांना आधी ड्रमांकडे नेलं. तापलेल्या ड्रमावर पाणी सोडलं, झाकणावर बोटभर राहू दिलं, खिशातून एक दोरा काढून त्यात टाकला आणि म्हणाले, बघा. सगळे ड्रमाभोवती डोकी जोडून उभे राहिले. दोरा सरकला. दोरा बुचाला चिकटला. चहा ओढल्यासारखा आवाज आला. मिस्त्रीच्या तोंडून एक शिवी निघाली, ती आदराची होती. कुणीतरी विचारलं, हे पाणी इथे ठेवतं कोण?  सगळ्यांना ठाऊक होतं.

"रेघ मोडली नव्हती," दाजी शेठना म्हणाले. "तेव्हाही नव्हती. मी खोटं बोललो."

मग त्यांनी शर्ट काढून घडी घालून बायकोच्या हातात दिला, सासूबाईंवर चढले, त्यांच्या सांगण्यावरून मिस्त्रीनं सकाळीच तेल सोडून सैल करून ठेवलेलं टाकीचं झाकण बाजूला सारलं, चिंध्यांचा गठ्ठा घेतला, आणि कमरेपर्यंत आत वाकले. सभा पांगली नाही. शिक्षा ठरवली तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आता मागे हटणं बरं दिसलं नसतं. चहा आला. शेठ मधल्या खुर्चीत बसले. मेव्हण्याला पहिल्या ओळीत जागा मिळाली. त्याच्या शेजारी त्याची ताई, मांडीवर नवऱ्याचा शर्ट.

टाकीतून दाजींचा आवाज घुमत येत होता. कुठला कोपरा झाला, कुठला राहिला. मेव्हण्यानं कपातला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"दाजी, डावीकडचा कोपरा राहिला."

"झाला तो," टाकी म्हणाली.

"जवळजवळ झाला असेल," ताई म्हणाली.

खुर्च्या हलायला लागल्या, इतके सगळे हसले. शेठनी खिशातून किल्ली काढली आणि मेव्हण्याच्या हातात दिली. नव्या ऑपरेटरला त्यांनी तिथल्या तिथे लोडरवर घेतलं. त्यानं अजून पिशवी खाली ठेवली नव्हती.

दाजी बाहेर आले तेव्हा मिशी हनुवटीपर्यंत खाली आली होती आणि तिच्या दोन्ही टोकांवरून तेल ठिबकत होतं. बायकोनं शर्टाच्या खिशातला छोटा कंगवा काढला, त्यांच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला. काही उपयोग नव्हता.

आता ड्रम पुन्हा आडवे आहेत. मिस्त्रीनं त्यांच्यासाठी पत्र्याचं छप्पर ठोकून दिलं. अंघोळ कायमची बंद झाली. रेघ मात्र बंद झाली नाही. मिस्त्रीनंच धरून ठेवली, आणि हट्टानं नुसती रेघ नाही, पुरी मिशी. मिशी नसलेल्या ड्रमातलं तेल तो यंत्रात घालत नाही. दाजी स्वतः दातांत जीभ धरून ती काढतात. झोक आता बरे जमतात. ड्रम घोडीवर ठेवताना मिशी आडवी सरळ यावी अशा बेतानं ते फिरवून ठेवतात, म्हणजे कुणी हात लावून ड्रम हलवला असेल तर मिशी तिरकी झालेली लांबूनच दिसते. पहिली बाटली केव्हाच संपली. तो रंग पुन्हा बाजारात मिळाला नाही, म्हणून दाजींनी लालभडक आणला. बायको म्हणाली, तो मला द्या, ड्रमांना दुसरा बघा.

सकाळी मेव्हणा सासूबाईंचा रिकामा हात चार वेळा हळू वरखाली करतो. मग केबिनमधून वाकून छपराकडे बघतो आणि हाक देतो, "दाजी, तिसऱ्या ड्रमावर तुम्ही जरा वाकडे झालात."

दाजी हातातला कंगवा खिशात ठेवतात आणि बघायला जातात.